लिहायची, म्हणायची नाहीत

पत्रिकेवर छापलं होतं : फ्रेंच संध्याकाळ.
साहित्य, संगीत, तत्त्वज्ञान, शेवटी अल्पोपहार.
खाली माझं नाव. नावाखालचं 'तासिका तत्त्वावर'
छापत नसतात.

तारीख ठरवताना कुणी पंचांग पाहिलं नाही.
मी चिपळूणची, मला काय ठाऊक
की येळवशीच्या आदल्या दिवशी
लातूर-धाराशिवची झाडून सगळी पोरं
दुपारच्या गाडीनं शेताकडे निघून जातात.
पुण्याचे पाहुणे नगरच्या अलीकडेच अडकले.
गाडीचा पट्टा तुटला होता.
फोनवर फार सुंदर फ्रेंचमध्ये दिलगीर झाले.

मुंजाजीनं चाळीस खुर्च्या मांडलेल्या.
आम्ही सहा जण. सातवा तो स्वतः, दाराला टेकून.
"म्याडम, चौतीस काढू का?"
"राहू द्या."

तत्त्वज्ञान खरं तर तिथूनच सुरू झालं.
कांदे सर, त्या विभागात उरलेले एकटेच,
मफलर सोडत म्हणाले, भाषण ठेवू बाजूला.
जो आलाच नाही, तो आत्ता कुठे बसलाय?
ही खुर्ची रिकामी, असं आपण म्हणतो
ते कुणाच्या भरवशावर?
अर्धा तास गेला. लेण्यांच्या डोंगरावरून गार वारं
खिडकीची एकच फट शोधून येत राहिलं.
मुंजाजी म्हणाला, मंडपवाला भाडं चाळीसचंच घेणार.
सरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग वीज गेली.
स्पीकरमधला पियानो चढता चढता मध्येच थांबला,
आणि उरलेली चाल बेगमपुऱ्याच्या मुजीबनं
अंधारात नुसती गुणगुणून पुरी केली.
उर्दूत एम.ए. करतो. त्याला अनुनासिक स्वर
मला शिकवावेच लागले नाहीत, नून-गुन्ना घरचाच.
आणि घशातला तो र, ज्याच्यासाठी मी वर्षभर
पोरांना कोरड्या गुळण्या करायला लावते,
तो ग़ैन होऊन त्याच्या आजोबांपासून चालत आलेला.

जूनमध्ये मी फळ्यावर 'काळ' लिहिला होता, त्यांच्या भाषेतला.
पाच अक्षरं. शेवटची दोन लिहायची, म्हणायची नाहीत.
उच्चार नुसता 'ताँ'.
मग लिहायची कशाला, म्हणून वर्ग हसलेला.
मी म्हणाले, नाही लिहिली तर मार्क जातात.
एवढंच सुचलं होतं.

मोबाइलच्या उजेडात यशोधरा साळवे उठली, सोनपेठची.
स्वतःच्या नऊ ओळी, फ्रेंचमध्ये. वाचताना कागद हलत होता.
म्हणत होती :
माझी आई वेळेला येळ म्हणते.
एका मुलाखतीत मीही म्हणाले. टेबलापलीकडचे तिघं हसले.
तेव्हापासून मी व लावते.
तो उसना आहे, धुऊन परत करायच्या भांड्यासारखा वापरते.
तुमच्याकडे मुक्या अक्षरांना
घराबाहेर काढत नाहीत असं कळलं,
म्हणून मी तुमच्या भाषेत आले. थोडी जागा द्या.

सवयीनं मी लाल पेन उघडलं होतं.
एकच चूक. तिनं काळ स्त्रीलिंगी केला होता,
तिकडे तो पुरुष.
आपल्याकडे दोन्ही खपतं :
वेळ जातो तेव्हा तो, येते तेव्हा ती.
पेनाला टोपण लावलं. कांदे सर नाक शिंकरत होते,
थंडी आहे म्हणाले.

वेफर्सची चाळीस पाकिटं. मुजीबनं तीन नेली, बहिणींना.
अहवालात उपस्थितीचा रकाना असतो,
साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय :
चाळीसच्या खाली अनुदान नाही.
म्हणजे लिहायचे चाळीस,
म्हणायचे सात.

मुंजाजी खुर्च्यांची चवड लावत होता, एकात एक,
सगळ्या सारख्याच आवाजात.
"लई येळ झाला म्याडम, कुलूप लावू का?"
मी म्हणाले, थांबा,
एवढी शेवटची राहू द्या.