रिकाम्या विड्या

सिनेमात आईचं नाव ज्वाला.
कडूबाई चालणार नाही म्हणाले, पोस्टरवर ते नाव उठत नाही.
आई म्हणाली, बरंय की.
माझ्या आधीची दोन मेली म्हणून ठेवलेलं कडू,
नजर लागू नये म्हणून.
आता लागू दे त्या ज्वालेला.

मला काम मिळालं पोलिसाचं.
दिवसाला सातशे, दुपारी पुलाव,
तेव्हाची खाकी हाफपँट, मांडीला टोचणारी,
आणि रबराची लाठी, आतून पोकळ.
सिन्नरचा तो कारखाना आता मंगल कार्यालय झालाय,
म्हणून दुसरं फाटक उभं केलं, प्लायवूडचं.
दोन पोरांनी ब्रशानं त्यावर गंज रंगवला
इतका हुबेहूब
की एक म्हातारी हात लावून, वास घेऊन गेली.

खरं घडलं ते एवढंच:
हजारामागं चार आणे वाढवा, छाट कापू नका.
मुकादमानं तंबाखू देणंच बंद केलं.
तर बायका सुपं घेऊन फाटकासमोर बसल्या
आणि रिकाम्या विड्या वळू लागल्या.
आत काही नाही. नुसतं पान, दोरा, मुडपलेलं टोक.
पंचवीसचा कट्टा. कट्ट्यावर कट्टा.
अकरा दिवस.
घोषणा कुणी दिली नाही, तोंडात दोरा होता.
बाराव्या दिवशी लाठी आली.

दिग्दर्शक चांगला माणूस. हे ऐकताना डोळे पुसायचा.
पण रिकामी विडी कॅमेऱ्यात भरलेलीसारखीच दिसते, म्हणाला,
लोकांना कळणार कसं?
म्हणून आग लावली.
ज्वाला पलिता घेऊन गोदामात शिरते,
पानांची पोती भडकतात, मागं ढोल.

नाशकात पहिल्या खेळाला
आगीवर अर्ध्या थिएटरनं शिट्ट्या मारल्या,
अर्धं उठून गेलं.
उठलेले सगळे एका बाजूचे नव्हते.
शेठचा नातू उठला: आजोबांनी दवाखाना बांधला, तो कुठंय?
युनियनचे पगारेकाका उठले:
जाळपोळीची केस तेव्हा पोलिसांना जमली नाही,
ती तुम्ही घातलीत आमच्यावर.
त्यांचीच सुगंधा बसून राहिली, टाळ्या वाजवत.
लावायलाच हवी होती, म्हणाली.
महिना झाला, एका घरात दोन चुली.

आणि आता गावात आग आठवणारी माणसं भेटतात.
सलूनमध्ये एकानं बाही वर करून डाग दाखवला.
तो स्टोव्हचा आहे, मला माहीत आहे.
गणपतीपर्यंत त्यालाही माहीत होतं.

एक पत्रकार मुलगी घरी आली.
आजी, खरंच आग लागली होती का?
आईनं तिला पाणी दिलं, मग म्हणाली,
वळायची पानं भिजवलेली असतात, बाई.
ओलं पान पेटत नाही. धुमसतं.
तिनं मथळा दिला: आजही धुमसतंय.

आम्ही सिनेमा पाहिला त्या रात्री
गाडीत आई नाशिकरोडपर्यंत गप्प,
शिंदे गाव गेलं तरी गप्प.
मोहदरीचा घाट लागला तेव्हा म्हणाली,
ज्वालेला मारतो तो तूच ना,
टोपी कपाळावर आलेला?
हो. पण रबर होतं, आई.

दिग्दर्शक ओरडत होता, खरं वाटू दे, खरं.
तिसऱ्या फटक्याला ती पोरगी खरंच कळवळली.
तेच ठेवलंय.

पहिले दोन तू आवरून मारलेस, आई म्हणाली.
तिसरा नाही.
खिडकीबाहेर बघत, घाटात बघण्यासारखं काही नसताना:
मला मारणाराही असाच होता.
पोरसवदा.
त्याचेही पहिले दोन आवरलेले.