जमिनीपासून चार इंच

कुपवाडला, वसाहतीच्या मागच्या गल्लीत,
आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती आली तेव्हा पांढरी होती.
मगदूम अडत्यांची एस्टीम, सत्त्याण्णवची,
सव्वीस हजारांत, टोचन लावून.
इंजिन ठीक. दारं कुजलेली.

आधी सीटा काढल्या.
खाली केसांची एक पिन,
बाहुबलीच्या पार्किंगची पावती,
आणि कार्पेट उचललं तर हळद.
वीस वर्षं नमुन्याच्या पिशव्यांतून सांडलेली,
पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात, बोल्टांच्या आट्यांत.
डिझेलनं धुतली, ब्रशनं घासली,
शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारली
तर शेड पिवळं, मी पिवळा.
आई दारातून म्हणाली,
"चला, गाडीला तरी हळद लागली या घरात."

मी चौतीस वर्षांचा.
ग्राइंडर चालू केला.

छप्पर उतरायला दीड दिवस.
मग नुसता तळ उरला, चार चाकं, इंजिन,
आणि हवेत उभं स्टिअरिंग,
जेवणं आटोपल्यावर एकच खुर्ची मांडवात राहावी तसं.

नकाशा म्हणजे टायरवाल्याचं जुनं कॅलेंडर.
ऑगस्ट महिना. लाल गाडी, इटलीची,
कुठल्याशा घाटात तिरकी उभी.
चित्रात चाक अठ्ठावीस मिलिमीटर.
खरं धरलं सहाशे.
पुढचा सगळा गुणाकार.
दिवसा लेथवर शतांश मिलिमीटर राखणारा मी
रात्री ऑगस्टला फूटपट्टी लावून बसायचो.
मागची बाजू चित्रात नव्हतीच.
ती मनानं केली.

फायबरचं कोण सांगत नाही:
काचेची कुसळं चादरीपर्यंत येतात.
हार्डनर थंडीत चढत नाही,
आणि एप्रिलात एक बॉनेट
डोळ्यांदेखत धुरून गेलं.

मिरजेहून दस्तगीरचाचा शिकलगार आले.
आयुष्य सतारीच्या भोपळ्यांत गेलेलं.
डोळे मिटून साच्यावर तळवा फिरवला,
मागच्या चाकावरच्या फुगवट्याशी थांबले.
"हितं आवाज अडकंल."
गाडीला कसला आवाज चाचा, वारा असतोय.
"त्येच म्हणतोय की."
तीन आठवडे तेवढाच फुगवटा घासला.

आता ती लाल आहे.
पोरं विचारतात, किती पळती? कितीला पडली?
दुसऱ्याचं उत्तर आईसमोर देत नाही.
आरसी बुकात ती अजून पांढरी,
चार दारांची, पाच माणसांची.
चेसिस नंबरभोवती वीतभर पत्रा
मी रंगवलाच नाही.
मोठ्या रस्त्याला नेत नाही तिला.
रविवारी, कारखाने थंड असताना,
वसाहतीच्या आतल्या आत.

आणि तिथंही गतिरोधक.
पोट जमिनीपासून चार इंच,
उंचवटा सहा.
हे कॅलेंडरात दिसलं नव्हतं.
म्हणून शेजारच्या सीटवर दोन फळ्या असतात.
उतरायचं, मांडायच्या, चढायचं,
परत उतरून उचलायच्या.
वॉचमन विडी विझवून बघायला येतो.

परवा पद्माकाकू मगदूम रिक्षानं आल्या.
दोनदा गाडीभोवती फिरल्या.
"ह्यात आमचं काय उरलंय रे?"
तळ म्हणणार होतो, इंजिन, गिअर,
खरं तर सगळंच, वरचं सोडून.
म्हणालो, हॉर्न.

त्या बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच आत.
फळ्या मांडीवर आडव्या घेतल्या,
पदर खोचला.
"हळू चालव. ह्यांनी कधी हळू चालवली नाही."
पहिल्या गतिरोधकाशी मी उतरलो,
त्यांच्या मांडीवरच्या फळ्या घेतल्या,
पुढे जाऊन वाकून मांडत होतो,
तोच हॉर्न वाजला.
परत वाजला. लांबलचक.
अख्खा रस्ता रिकामा,
समोर फक्त मी.