धुकं, सातवी इनिंग

एइनो लाक्सोनेनला शेवटची दोन वर्षं
चेंडू दिसतच नव्हता.
हे ठाऊक होतं तिघांना:
त्याला, लेस्टरला आणि मला.
मी काचेमागचा,
आवाजाच्या खटक्यांवर बोटं ठेवून बसणारा.

डोळ्याच्या मधोमध म्हणे एक राखाडी डाग बसतो,
कडा शाबूत राहतात.
म्हणजे डुलुथचं सरोवर दिसायचं त्याला,
लोहखनिजानं लादलेली जहाजं दिसायची,
हेरॉन्सच्या चाहत्यांच्या निळ्या टोप्याही.
फक्त ज्याच्याकडे पाहावं
तेवढंच नाहीसं व्हायचं.
"आणि पगार तेवढ्याचाच मिळतो रे,"
म्हणाला होता. एकदाच.

मग टेबलाखाली लेस्टरचा हात.
लेस्टर पॅकवुड, एके काळचा कॅचर,
अकरा मोसम पिचरला खुणा करण्यात गेलेले.
मोडून वाकडी जुळलेली ती बोटं
आता एइनोच्या गुडघ्यावर.
एक टिचकी, स्ट्राइक.
दोन, बॉल.
तळवा सरपटला की चेंडू जमिनीवरून,
उचलला की हवेत,
आणि होम रन असेल तर चिमटा,
तोही असा की एइनो खुर्चीतून उडायचाच,
लोक म्हणायचे, काय जीव ओततो हा माणूस!

अर्धा सेकंद उशीर व्हायचा.
पण धान्याच्या कोठारामागे ट्रक थांबवून
ऐकणाऱ्याला वाटावं,
हा आधी पाहतोय,
बाकीचं जग मागून येतंय.

शेजारच्या केबिनमध्ये टीव्हीवाली रेनाटा कोझ्लाक.
जिन्यात गाठून मला म्हणाली,
"तुमचा म्हातारा हल्ली फार रंगवतो.
काल म्हणे पिचरनं बाहीनं घाम पुसला.
पाच कॅमेरे धुंडाळले मी.
कुणीच काही पुसलं नव्हतं."
मी म्हटलं, रेडिओवर उकडतं जास्त.

टिचक्या मायक्रोफोनला ऐकू जायच्या.
लाकडातून चढत येणाऱ्या, दबक्या,
भिंतीपलीकडे कुणी खिळा ठोकावा तशा.
राष्ट्रगीत संपलं की माझं पहिलं काम,
खालचे सूर कापून टाकणं.
त्यात एइनोच्या आवाजाचा तळही थोडा जायचा.
एका बाईंचं पत्र आलं,
लाक्सोनेनना सर्दी झालीय का?
दोन मोसम सर्दी.

सप्टेंबरातला तो सामना.
सातव्या इनिंगला सरोवर उठलं
आणि आत येऊन बसलं.
आधी कुंपण गेलं, मग डाव्या कोपऱ्यातला गडी,
मग दिव्यांचे खांब कमरेपासून वर.
रेनाटाच्या पडद्यावर नुसतं दूध.
ती हेडफोन गळ्यात अडकवून
आमच्या दारात येऊन उभी राहिली.
पंच का खेळ थांबवत नव्हते, कोण जाणे.
बहुधा त्यांनाही एकमेक सापडत नव्हते.

लेस्टरचा हात मांडीवर तसाच पडून.
ना टिचकी, ना थाप.

एइनोनं पाणी प्यायलं.
मायक्रोफोन जवळ ओढला.
"मंडळी," तो म्हणाला,
"मला काही दिसत नाही."

दारात रेनाटा हसली,
खालच्या बाकांवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेलेही हसले,
ते हसू धुक्यातून वर आलेलं ऐकू आलं.
लेस्टर हसला नाही.
एइनोचा चेहरा मात्र
जोडे काढून बसलेल्या माणसासारखा.

"अगदी काही दिसत नाही," तो पुन्हा म्हणाला,
चवीनं.

तेवढ्यात खाली कुठंतरी बॅटचा टणत्कार.
"लागला," एइनो म्हणाला.
"कुठं गेला, देव जाणे.
थांबू या जरा."

आणि आम्ही थांबलो.
बंदराचा भोंगा वाजला, एक जहाज उत्तरलं.
रेडिओवर नऊ सेकंदांची शांतता म्हणजे
नोकरी जायची वेळ.
मी मोजले नऊ, मग मोजणं सोडलं,
आणि खालच्या सुरांचा खटका
हळूहळू वर सरकवत नेला.