विल्होळीपर्यंत

पन्नास वॉट.
जुना पिवळा बल्ब जेवढा असायचा, तेवढाच आमचा आवाज.
कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
समोरच्या भुर्जीवाल्याने दिले. पैसे घेतले नाहीत,
एवढंच म्हणाला, शनिवारी एखादी कव्वाली लावा.
लावतो. नावेद अत्तार निवडून आणतो,
वडाळ्यातून सायकलवर,
पेनड्राइव्ह गळ्यात, ताइतासारखा.

या शहराला गप्प बसवत नाही.
पंचवटीतला किराणावाला
तराजूच्या पारड्यावर बोटांनी केरवा धरतो,
गल्लीत ढोलाची पानं उन्हाला ठेवलेली,
येताजाता पोरं त्यांवर टिचकी मारून बघतात.
मोठे रेडिओ शहरभर ऐकू जातात,
त्यांचे निवेदक श्वास न घेता बोलतात.
आम्ही घेतो. तोही जातो हवेतून,
खुर्चीची करकर जाते,
टाकी भरून वाहू लागली की तेही.

बातमी द्यायची नाही, असा नियम आहे.
म्हणून निवृत्तीकाका तांबट गेले त्या रात्री
मी माइकपुढे नियमांची फाइल उघडून बसलो.
गेले, ही बातमी धरायची का?
साडेनऊला विचारणार कोणाला.
त्यांच्या हातोडीची ध्वनिफीत होती, ती लावली.
हंड्याच्या बुडावर एकाशेजारी एक ठोके,
मध्येच थांबून काका म्हणतात,
"चहा टाक गं,"
आणि पुन्हा ठोके.
आधी काही बोललो नाही, नंतरही नाही.
तांबट आळीतून कोणाचाच फोन आला नाही.
सकाळी दाराशी एक तांब्या होता,
नवा, ठोक्यांची नक्षी ताजी.
आम्ही त्यात पेनं ठेवतो.

मंदाताई गांगुर्डे सातपूरला कॉइल गुंडाळतात.
तांब्याची तार, बारा वेढे, परत बारा.
सुपरवायझरला वाटतं बाई मोजतायत,
बाई एकतालात असतात.
गुरुवारी पहिली पाळी सुटली की घरी जातात,
भाकऱ्या टाकतात, रात्री येतात,
बोटांना वॉर्निशचा वास,
आणि बिहाग गातात. बावीस मिनिटं.
मध्ये तोडायला काही कारणच नसतं,
कोणाचं काही विकायचं नसतं.

माघातला गुरुवार. गाणं संपलं होतं,
ताई डब्याची पिशवी शोधत होत्या,
फोन वाजला. मागे इंजिनाची घरघर.
"द्राक्षं घेऊन वाशीला चाललोय.
आडगाव नाक्याला तुमचं लागलं होतं,
विल्होळीच्या पुढे नुसती खरखर.
आता घोटीला उभा आहे.
ती बाई वर गेली होती हो,
खाली आली का?"

मी काय सांगणार.
फोन ताईंच्या हातात दिला.
त्यांनी पिशवी खांद्यालाच ठेवली,
डोळे मिटले नाहीत, तंबोरा नाही,
टेबलावर बोटाने मात्रा धरली,
जिथे विल्होळी आली असेल तिथून
तान उचलली, आणि पायरी पायरी
उतरवून समेवर आणून ठेवली.

पलीकडे थोडा वेळ इंजिनच.
मग, "बरं झालं," म्हणाला,
आणि गिअर पडला.

ताई गेल्यावर पाहिलं, माइक चालूच होता.
म्हणजे दहा किलोमीटरच्या आत जे कोणी जागे होते
त्यांनी ते सगळं ऐकलं,
पलीकडच्या माणसासाठी गायलेलं,
पिशवीतल्या डब्याच्या खडखडाटासकट.

तिमाही अहवालात एक रकाना आहे:
प्रसारणाचा परीघ.
तांब्यातून पेन काढलं,
बराच वेळ नुसतंच धरून बसलो.
मग दहाच लिहिलं.