साथ

फेब्रुवारीतला शनिवार. डुलुथ.
तळं काठापासून मैलभर गोठलेलं,
आणि मी साडेआठपासून
खोली क्रमांक एकशे चारमध्ये, पियानोपाशी.
माणशी पस्तीस डॉलर, दुपारचं सूप फुकट.

आत येणारं प्रत्येक पोर
परीक्षकांच्या आधी माझ्याकडे बघतं,
दातांच्या डॉक्टरकडे शिरताना
मदतनीस बाईकडे बघावं तसं.
मग कागद देतं, कडा घामाने मऊ पडलेल्या,
आणि पुटपुटतं, "जरा सावकाश घ्याल?"
सगळ्यांनाच सावकाश हवं असतं.
सगळीच मग धावत सुटतात.

चौदावी मारित लेहतिनेन.
उत्तरेच्या खाणपट्ट्यातली, पहाटे चारला निघालेली.
हॉर्न शाळेचा. भोंग्याला पोचा,
पेटीवर पांढऱ्या रंगात आकडा : सात.
म्हणजे आणखी सहा असणार कुठेतरी,
एखाद्या बंद पडलेल्या बँडच्या तळघरात.

दार लागताना मला तिचा बाप दिसला.
खुर्ची रिकामी, आणि हा उभा.
कामाच्या विजारीने गादी मळेल म्हणून,
किंवा बसलं तर ऐकू येणार नाही असं वाटून.

हॉर्न उलटा करून तिने पाणी काढलं,
स्वतःच्याच श्वासाचं. गालिच्यावर तीन थेंब.
"सॉरी," म्हणाली. गालिच्याला.

माझ्या चार मात्रा. मग ती.
पहिला स्वर फुटला.
हॉर्नचा फुटलेला स्वर लपवता येत नाही,
फरशीवर वाटी पडावी तसा
तो सगळ्या घराला कळतो.
एका परीक्षकाने काहीतरी लिहिलं. एकच शब्द.
पेन्सिल ऐकू आली.

पण मग खालच्या पट्टीत गेली पोरगी,
आणि रात्री तळ्यावरचा बर्फ आतल्या आत कण्हतो ना,
कडाक्याच्या थंडीत, कुणी जागं नसताना,
तसं काहीसं त्या खोलीत हललं.
मी पानावरून नजर उचलली,
जे मी सहसा करत नाही.

दुसऱ्या पानावर तिला सहा मात्रांची विश्रांती आहे.
तिने चारच मोजल्या.

नियम असा, की साथ करणाऱ्याने लिहिलंय तेच वाजवावं.
वर्षाचे चौदा हजार डॉलर
कुणाच्या तरी पदरात पडायचे असतात,
त्यात साथीचा हात नको.
बोटांनी मला विचारलं नाही.
दोन मात्रा मी गिळल्या
आणि तिच्या पायाखाली जाऊन उभी राहिले.
मधल्या परीक्षक बाईंनी मान वर केली,
माझ्याकडे बघितलं,
पुन्हा खाली.

एकोणऐंशी साली, दुसऱ्याच एका गावात,
अशाच खोलीत मी अडले होते.
तेव्हा माझ्याकडे चेलो होता.
साथीला एक गृहस्थ, राखाडी स्वेटर, नखं स्वच्छ.
ते वाजवत राहिले. बरोबर वाजवत राहिले.
त्यांचा राग नाही,
त्यांनी एकही चूक केली नाही.
चेलो भावाच्या गॅरेजमध्ये आहे,
स्कीच्या काठ्यांमागे.

"थँक यू," म्हणाली जाताना.
तिला कळलं होतं का, सांगता येणार नाही.
बाहेर बापाने काहीच विचारलं नाही.
पेटी घेतली फक्त, चुकीच्या बाजूने,
आणि तिने ती त्याच्या हातात सरळ करून दिली.

पंधरावा सॅक्सोफोन. सोळावा नाव पुकारूनही आला नाही.
सुपात गाजरंच जास्त होती.

निकालाची पत्रं एप्रिलमध्ये जातात.
साथीला कुणी कळवत नसतं.

संध्याकाळी गाडीची काच खरवडताना
मी ती विश्रांती मोजून बघितली,
एक, दोन, तीन, चार
आणि दर खेपेला
चारवरच माझा हात थांबत होता.