ई-सात

कुपवाडच्या या शेडमध्ये पूर्वी हळद भरायचे.
आता इन्क्युबेटर आहेत, तरी दमट दिवशी
भिंतीतून पिवळा वास सुटतो
आणि बाळगोंडा फरशी दोनदा पुसतो,
पहिल्यांदा पुसणारा दुसराच कोणी असल्यासारखी.

आमचं प्रथिन पेशीच्या पडद्यात राहतं,
सात वेळा आत-बाहेर शिवलेलं.
बाहेर दिसतो एवढासा टाका.
साबणानं ओढून काढलं
तर हाती येतो नुसता गुंता.
अकरा महिने उंदरांना तो गुंता टोचला,
त्यांनी इमानानं
गुंत्याविरुद्धच प्रतिपिंडं केली.
जिवंत पेशीवर एकही बसेना.
त्यांची काय चूक.

मग अख्ख्या पेशीच टोचल्या.
अठ्ठावीस नंबरची मादी, डावा कान कातरलेला.
तिची प्लीहा काढली त्या दिवशी
बाळगोंडानं डबा उघडला नाही.
तिच्या पेशी न मरणाऱ्या कर्कपेशींशी जोडल्या,
ज्या एकट्या राहिल्या त्या औषधात मेल्या,
उरल्या त्या पातळ करून
खळग्यात एक, खळग्यात एक.
एखाद्यात दोन पडतात. ते नंतर कळतं.

द्रव नायट्रोजन दूध संघाच्या गाडीतून येतो.
हैदर आधी समडोळीला म्हशींचे डोस उतरवतो,
मग आमचा कॅन भरता भरता विचारतो,
"मॅडम, तुमचं राहिलं का गाभण?"

मार्चमध्ये, रात्री नऊला, एक खळगा चमकला.
हिरवा. पेशीच्या कडेकडेनं, बांगडीसारखा.
मी सगळ्यांना फोन केले.
आवटी सर विश्रामबागेतून स्लीपरवर आले,
पाहिलं, मग शेजारचा खळगा पाहिला
ज्यात प्रतिपिंड घातलंच नव्हतं.
तोही चमकत होता.

हळद.
निळ्या उजेडात ती हिरवी पेटते
आणि नेमकी पडद्यातच जाऊन बसते.
माझ्या नखातली, सकाळच्या फोडणीची;
हातमोजे चढवण्याआधी
झाकण उचललं होतं मी.

कोणी ओरडलं नाही. तेच वाईट होतं.

आता लाल रंग वापरतो.
बहिणीच्या हळदीला मी लांब उभी राहिले,
आत्या अजून बोलत नाही.

काल पंधरावी प्लेट. ई-सात.
फिकट लाल, कड तुटक.
शेजारी अंधार.
फोन केला नाही.
धुतलं, पाहिलं,
परत धुतलं.
शेवटी बाळगोंडाला बोलावलं.
एक डोळा मिटून तो बराच वेळ वाकून राहिला.
"आहे कायतरी," म्हणाला,
"पण आधी हात दाखवा."