कारण लिहा

डिसेंबरात या गावात सूर्य उतरत नाही.
डोंगरामागून परस्पर निघून जातो,
मागे थोडा पुसट उजेड, धुवून पिळलेल्या फडक्यासारखा.
अशाच एका दुपारी मी रेक्याविकहून आले
मासळी कंपनीच्या कचेरीत,
त्यांच्या फायलींना लेबलं लावायला.

चार लेबलं: सार्वजनिक, अंतर्गत,
गोपनीय, अतिगोपनीय.
शेवटचं लाल.
स्वानलाउगबाई अडतीस वर्षं हिशेब बघतात.
त्यांना विचारलं, काय कुठे बसवू?
त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला.
"अतिगोपनीय एकच. कॉड कुठे लागतो ते.
कप्तान ते बायकोलाही सांगत नाही.
बाकी पगार, कर्ज, कोण कोणाकडे राहायला गेलं,
ते बेकरीत कळतंच की."

तरी नियम लिहिला.
सलग दहा आकडे, पहिले सहा जन्मतारखेचे,
नववा गणिताने ताडून पाहिलेला:
असं काही पत्रातून बाहेर निघालं, की थांबव.
आधी दोन आठवडे चाचणी.
अडवायचं कोणालाच नाही, नुसतं टिपून ठेवायचं,
ओट्यावर बसलेली म्हातारी
कोण गेलं, कोण आलं टिपते तसं.

एक्केचाळीस नोंदी.
बऱ्याचशा जाळ्यांच्या ऑर्डरी,
नॉर्वेच्या कारखान्याचे क्रमांक
माणसांसारखे दिसत होते.
(नियमाला काय, त्याला आकडे कळतात, जाळी आणि माणूस नाही.)
दोन पगारपत्रकं कोणाच्या तरी घरच्या पत्त्यावर. ती बरी सापडली.
आणि एक फाईल, नाव नुसतं "सात".
सात माणसं, सात क्रमांक.
जाणार चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एइविंदुरकडे.

जन्मतारखा वाचल्या.
वयं काढायला दुसरी तारीख लागते,
ती फाईलमध्ये नव्हती.
ती भिंतीवर होती, कॉफीच्या मशीनवर,
एका निळ्या बोटीच्या फोटोखाली.
पंधरा दिवस मी तिच्याखालीच कप भरत होते.
सर्वात धाकटा सतराचा.

"नावं पुरे नाहीत का?" मी विचारलं.
"दोन हाफ्लिदी होते," बाई म्हणाल्या,
"बापांची नावंही एकच.
तारीख वाचली नाही, तर कोणत्या आईने मान वर करायची?"
मग बिलं पुढे ओढली. अमुक टन बर्फ, तमुक टन मीठ.

रात्री खोलीवर कायदा उघडला.
मेलेल्या माणसाची माहिती पाच वर्षं जपायची, असं त्यात आहे.
बोटीला एकतीस झाली होती.
म्हणजे लेबल नको, असं म्हणता आलं असतं.
मी "सार्वजनिक"वर बाण नेला, काढला.
"अतिगोपनीय"वर नेला.
तिथे फक्त कॉडची जागा होती, आणि
खरं तर याचीही, कोणाला माहीत.
शेवटी फाईल तशीच ठेवली, बिनलेबलाची,
आणि नियमातलं "थांबव" खोडून "विचार" केलं.

पंचवीस जानेवारीला डोंगराच्या खाचेतून
सूर्य रस्त्यावर आला. सात-आठ मिनिटं.
कचेरीत पातळ धिरडी, जॅम, साय,
सगळे खिडकीशी, कोणी बोललं नाही.
मी नियम चालू केला.

दहा वाजून अकरा मिनिटांनी पहिलं पत्र अडकलं.
पलीकडच्या टेबलावर पाटी उघडली असणार:
यात ओळखक्रमांक आहेत.
पाठवायचंच असेल, तर कारण लिहा.
स्वानलाउगबाईंनी बोटाला लागलेला जॅम पुसला.
बराच वेळ एकही कळ वाजली नाही.
मग थोड्या वाजल्या.

संध्याकाळी मी नोंदवही पाहिली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं,
"मागच्या वर्षीचंच."

मंजुरी द्यायचा प्रश्न नव्हता, तशी सोयच ठेवली नव्हती.
पत्र केव्हाच पोचलं होतं.